दीपगृहाचा फोटो काढायचाय? आधी उजेड मोजा! मांजरीच्या गच्चीवर सराव, कोकण किनाऱ्यावर लाँग एक्स्पोजर

मांजरी (ता. हवेली) : दिवाळी झाली, ऊस तोडणी सुरू झाली की मांजरी, लोणी काळभोर, उरुळी, केसनंद परिसरातल्या पोरांच्या गाड्या दोन दिवसांसाठी कोकणाकडे वळतात. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, रत्नागिरी, वेळ मिळाला तर गोवा. येताना मोबाइलमध्ये शे-दोनशे फोटो असतात. त्यात एखादा दीपगृहाचा म्हणजे लाइटहाउसचाही असतो. अंधारात एक पांढरा ठिपका, बाकी सगळं काळं. रात्री समोर उभं राहून डोळ्यांनी पाहिलेला तो फिरता झोत फोटोत कुठं गेला, ते कळत नाही.

हा झोत फोटोत आणता येतो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागतोच असं नाही. ‘प्रो मोड’ असलेला साधा मोबाइल, एक स्टँड आणि थोडा सराव पुरतो. पण त्याआधी एक काम करावं लागतं. दीपगृहाकडे पाहत, हातातल्या घड्याळावर त्याचा उजेड मोजावा लागतो. दर्यावर होडीत बसलेला माणूस हेच करतो.

लाँग एक्स्पोजर म्हणजे काय?

कॅमेऱ्याचं शटर जितका वेळ उघडं, तितका वेळ उजेड आत येतो. दिवसा फोटो काढताना हा वेळ सेकंदाचा शंभरावा, हजारावा भाग असतो. लाँग एक्स्पोजरमध्ये तो १ सेकंद, १० सेकंद, कधी ३० सेकंद ठेवतात. तेवढ्या वेळात जे हललं नाही ते स्वच्छ येतं. जे हललं ते पुसट होतं, पसरतं किंवा पार नाहीसं होतं.

याचं जुनं उदाहरण फ्रान्समधलं आहे. लुई दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. त्या काळी एका फोटोला काही मिनिटं लागायची. त्यामुळे रस्त्यावरची माणसं, घोडागाड्या काहीच उमटलं नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस.

समुद्रावरही हेच होतं. लाटा सतत हलतात, म्हणून ५-१० सेकंदांच्या फोटोत पाणी धुक्यासारखं मऊ दिसतं. खडक आणि दीपगृह मात्र जागचे हलत नाहीत, म्हणून ते रेखीव येतात. अडचण येते ती उजेडाची, कारण दीपगृहाचा उजेड फिरतो किंवा लुकलुकतो.

दीपगृहाचा उजेड काय सांगतो?

रात्री परतणाऱ्या मच्छीमाराला किनारा म्हणजे काळी रेघ दिसते. त्यावर गावाचे दिवे, हॉटेलचे दिवे, गाड्यांचे दिवे. यातलं दीपगृह कोणतं आणि ते कुठल्या गावचं, हे त्याला नुसत्या उजेडाकडे पाहून कळलं पाहिजे. म्हणून प्रत्येक दीपगृहाला उजेडाचा ठेका ठरवून दिलेला असतो. एखादं दर ५ सेकंदांनी एकदा चमकतं. दुसरं लागोपाठ दोनदा चमकून थांबतं. तिसरं तीनदा चमकतं आणि मग बराच वेळ अंधार ठेवतं. आसपासच्या दीपगृहांचे ठेके मुद्दाम वेगळे ठेवतात. खलाशांच्या नकाशावर आणि दिव्यांच्या यादीत ते लिहिलेले असतात.

मोटारीच्या नंबर प्लेटवरून गाडी ओळखावी, तशी या ठेक्यावरून जागा ओळखली जाते. आज होड्यांवर जीपीएस आहे. पण बॅटरी उतरते, यंत्र बिघडतं, पाऊस-वाऱ्यात स्क्रीन दिसत नाही. तेव्हा डोळ्यांना दिसणारा उजेड कामी येतो.

हा उजेड लांब जातो तो दोन कारणांनी. पहिलं कारण उंची. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा जितका उंच, तितका तो लांबून दिसतो. समुद्रापासून ५० मीटर उंचीवरचा दिवा होडीत बसलेल्या माणसाला साधारण ३० किलोमीटरवरून दिसू शकतो. दुसरं कारण भिंग. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या कड्या एकात एक बसवून असं भिंग तयार केलं की दिव्याचा चहूकडे पसरणारा उजेड एका पट्ट्यात एकवटतो. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहावर ते पहिल्यांदा लागलं. हे भिंग गोल फिरवलं की उजेडाचा पट्टा समुद्रावरून फिरतो. पट्टा डोळ्यांवरून गेला की खलाशाला ‘चमक’ दिसते.

भिंगाची ताकद इतकी की दिवसा दिव्याच्या खोलीला पडदे लावून ठेवायची पद्धत आहे. नाहीतर सूर्याचं ऊन भिंगातून एका जागी एकवटून आत आग लागू शकते.

फोटोत नेमकी गडबड कुठं होते?

समजा, एका दीपगृहाचं भिंग १० सेकंदांत एक फेरी मारतं. म्हणजे पट्टा १ सेकंदात वर्तुळाचा दहावा भाग, ३६ अंश, फिरतो. आता मोबाइलवर वेगवेगळा वेळ लावून पाहा :

• पाव सेकंद : पट्टा फक्त ९ अंश फिरतो. फोटोत तो सरळ, ठसठशीत झोतासारखा दिसतो.

• १ सेकंद : पट्टा पंख्यासारखा पसरतो. झोत कळतो, पण कडा मऊ होतात.

• १० सेकंद : पट्टा पूर्ण फेरी मारतो. सगळीकडे सारखाच उजेड पडतो, झोत दिसेनासा होतो. मनोऱ्यावर नुसता पांढरा गोळा उरतो.

म्हणजे समुद्र मऊ करायला जास्त वेळ हवा आणि झोत पकडायला कमी वेळ हवा. एकाच फोटोत दोन्ही मागितलं की दोन्ही बिघडतं. बहुतेकांचा फोटो इथंच फसतो. नाइट मोडमध्ये तर मोबाइल आपल्या मनाने अनेक फोटो काढून एकत्र जोडतो. फिरता झोत त्याला कळत नाही. तो कधी पुसून टाकतो, कधी तुकड्यातुकड्यांत दाखवतो.

आणखी एक गोष्ट. सगळी दीपगृहं फिरती नसतात. काही ठिकाणी आता एलईडी दिवे आहेत, जे जागेवरच लागतात आणि विझतात. तिथं फिरणारा पट्टा नसतोच. तासभर थांबून झोत का येत नाही म्हणून मोबाइलला दोष देण्यापेक्षा आधी दोन मिनिटं नुसतं बघावं. उजेड हवेतून सरकताना दिसतो का? दिसला तर फिरतं भिंग. नुसता लागतो-विझतो, तर लुकलुकणारा दिवा.

मोजायचं कसं?

सोपं आहे. दीपगृहाच्या एका चमकेला घड्याळ सुरू करा. किती चमका लागोपाठ येतात, मग किती सेकंद अंधार, आणि पुन्हा पहिली चमक कधी, हे कागदावर लिहा. तीन वेळा मोजा. तिन्ही वेळा आकडा जुळला की तो त्या दीपगृहाचा ठेका. झोत हवेत दिसत असेल तर एक झोत पुन्हा त्याच जागी यायला किती सेकंद लागतात, तेही मोजा. या फेरीच्या वेळाला ४० ने भागलं की ठसठशीत झोतासाठी शटरचा वेळ मिळतो. १० सेकंदांच्या फेरीला पाव सेकंद, २० सेकंदांच्या फेरीला अर्धा सेकंद.

आधी मांजरीतच सराव करा

मांजरीपासून अलिबागचा समुद्र सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. एवढं लांब जाऊन सेटिंग शोधत बसण्यात रात्र वाया जाते. त्यामुळे सराव घरच्या गच्चीवर करावा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ असा पर्याय शोधा. त्यात ‘एस’ म्हणजे शटरचा वेळ, ‘आयएसओ’ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती तिखट ठेवायचा तो आकडा, आणि फोकस. फोकस डोंगराच्या चिन्हावर न्या, म्हणजे लांबचं स्वच्छ येईल. मोबाइल स्टँडवर लावा. स्टँड नसेल तर विटांच्या मधे उभा करा. बटण दाबताना हात हलतो, म्हणून ३ सेकंदांचा टायमर लावा. आयफोनमध्ये प्रो मोड नसला तरी स्टँडवर ठेवल्यावर नाइट मोडचा वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढतो. अंधार किती आहे, यावर तो अवलंबून असतो.

आता भावाला किंवा मित्राला टॉर्च देऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. १० आकडे मोजत एक गिरकी घ्यायला सांगा. थंडीत पहाटे मुळा-मुठेच्या बाजूने धुकं येतं, तेव्हा टॉर्चचा झोत हवेत छान दिसतो. पाव सेकंद, १ सेकंद आणि १० सेकंद असे तीन फोटो काढा. वर सांगितलेला फरक डोळ्यांसमोर येईल.

दुसरा सराव सोलापूर रस्त्याकडे पाहणाऱ्या एखाद्या उंच गच्चीवरून. १० सेकंदांच्या फोटोत गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा येतात. मात्र हा सराव महामार्गाच्या कडेला किंवा रेल्वे रुळांजवळ उभं राहून अजिबात करू नये.

किनाऱ्यावर गेल्यावर

१. संधिप्रकाशातला फोटो. सूर्य मावळल्यावर साधारण २० ते ४० मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि दीपगृहाचा दिवाही लागलेला असतो. नवख्यांसाठी हीच उत्तम वेळ. आयएसओ १०० आणि वेळ १ ते ४ सेकंद ठेवून पाहा. मनोरा, खडक, आकाश सगळं येतं आणि पाणी मऊ होतं.

२. झोताचा फोटो. पूर्ण अंधार पडल्यावर. आयएसओ १६०० ते ३२००, वेळ पाव ते अर्धा सेकंद. लागोपाठ २०-२५ फोटो काढा, त्यातला एखादाच मनासारखा येईल. हवेत दमटपणा किंवा थोडं धुकं असेल तर झोत उठून दिसतो. कोरड्या, स्वच्छ हवेत उजेडाला अडायला काही नसतं, म्हणून झोत फिका दिसतो.

३. ठेक्याचा फोटो. हा फार कमी लोक काढतात. दीपगृहापासून लांब, अंधाऱ्या जागी थांबा. आयएसओ सर्वांत कमी आणि वेळ २० सेकंद लावा. शटर उघडं असताना स्टँडवरचा मोबाइल डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश, एकसारख्या वेगाने फिरवा. दिवा लागला की फोटोत ठिपका उमटतो, विझला की जागा रिकामी राहते. दोन ठिपके, मोकळी जागा, पुन्हा दोन ठिपके. दीपगृहाचा ठेका कागदावर लिहावा तसा फोटोत वाचता येतो. नाइट मोडमध्ये हे जमत नाही, प्रो मोडच लागतो. सराव गच्चीवर टॉर्च चालू-बंद करून होऊ शकतो.

जायचं कुठं?

कोर्लई (ता. मुरूड, जि. रायगड) : मांजरीकरांना त्यातल्या त्यात जवळचं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि त्याच डोंगराच्या अंगावर दीपगृह. किल्ल्याची वाटही दीपगृहाच्या बाजूने जाते. मनोरा, डोंगर आणि समुद्र एका चौकटीत बसतात. खालच्या कोळीवाड्यातून जाताना गाडी सावकाश चालवावी. जाळी, मासे वाळत घातलेले असतात.

खांदेरी (थळजवळ, ता. अलिबाग) : बेटावरचं दीपगृह १८६७ चं. १९९८ मध्ये त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं. महाराजांनी बांधून घेतलेला खांदेरी किल्ला २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. रात्री बेटावर जाण्याचा हट्ट न धरता थळच्या किनाऱ्यावरून ‘ठेक्याचा फोटो’ काढावा. त्यासाठी लांबचा दिवाच बरा.

रत्नागिरी आणि जयगड : रत्नदुर्ग परिसरातलं दीपगृहही १८६७ चं. जयगडचा मनोरा १९३२ चा, ओतीव लोखंडाचा. दोन्हीकडे उंच कड्यावरून समुद्र दिसतो.

आग्वाद (गोवा) : पोर्तुगीजांचं १८६४ चं जुनं गोल दीपगृह किल्ल्यात उभं आहे. १९७६ मध्ये शेजारच्या नव्या दीपगृहाने त्याचं काम घेतलं. जुना मनोरा आता विझलेला आहे, पण संधिप्रकाशातल्या फोटोला तो फार देखणा.

देशातली दीपगृहं दीपगृह व दीपनौका महासंचालनालय सांभाळतं. आधी १९२७ चा दीपगृह कायदा होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. २१ सप्टेंबर हा भारतात दीपगृह दिन मानतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधा लोकांसाठी खुल्या झाल्या. तरी प्रत्येक ठिकाणची वेळ आणि नियम वेगळे. मनोऱ्यावर जाण्याची मुभा असली तरी ती बहुधा दिवसा, संध्याकाळपर्यंत. रात्रीचा फोटो आवाराबाहेरूनच काढावा लागतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. दिव्याच्या खोलीत भिंगाला हात लावू नये.

भरतीचं गणित : हे चुकलं तर फोटो कामाचा नाही

घाटावरच्या माणसाला नदीचा पूर माहीत असतो, भरती-ओहोटी माहीत नसते. चांगली चौकट मिळावी म्हणून ओहोटीत खडकांवर पुढं जायचं, मोबाइलच्या स्क्रीनकडे पाहत राहायचं आणि मागची वाट पाण्याखाली गेलेली कळायचीच नाही, हा धोका खरा आहे. लाँग एक्स्पोजरमध्ये तो जास्त, कारण अंधार असतो, एका जागी तास-दीड तास थांबणं होतं आणि लक्ष पूर्ण स्क्रीनवर असतं.

यावर कोकणातल्या जुन्या लोकांचा एक हिशेब आहे. कॅलेंडरवर तिथी पाहायची. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी ३ आणि रात्री ३ च्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ ६ च्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढं सरकते.

हा हिशेब अलिबाग-मुंबई बाजूला बऱ्यापैकी जुळतो. पण तो अंदाज आहे. खाली दक्षिणेला वेळ मागेपुढे होते, वाऱ्यानेही फरक पडतो. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर आधी कोळी बांधवांना विचारावं, “दादा, पाणी कधी भरतंय?” पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं. अमावस्येची काळोखी रात्र फोटोला चांगली, पण त्या दिवशी समुद्र अधिक पुढे येतो, हे विसरू नये.

हे लक्षात ठेवा

• फोटोची जागा उजेड असताना पाहून ठेवा. परत यायची वाटही तेव्हाच ठरवा.

• एकट्याने जाऊ नका. एकजण फोटो काढेल, दुसरा पाण्याकडे लक्ष ठेवेल.

• भरती सुरू झाली की खडकावरून मागे या. फोटो अर्धा राहिला तरी चालेल.

• शेवाळलेल्या खडकावर चपलेने चालू नका.

• टॉर्च पायाखाली मारा. समुद्राकडे किंवा होड्यांकडे झोत हलवत बसू नका. अंधाराला सरावलेल्या माणसाचे डोळे दिपतात.

• संकटात ११२ वर फोन करा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

• पावसाळ्यात खडकावरचं लाँग एक्स्पोजर नकोच.

फोटोखाली आकडा लिहा

घरी आल्यावर फोटो ग्रुपवर टाकताना नुसतं ‘कोकण ट्रिप’ लिहू नका. दीपगृहाचं नाव, तारीख, शटरचा वेळ आणि मोजलेला ठेका लिहा. जमलं तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही जोडा. लांब वेळाच्या फोटोत सगळ्या चमका एकमेकींत मिसळतात. फोटो सुंदर येतो, पण ते दीपगृह कुठलं, हे त्यातून कळत नाही. दर्यावरचा माणूस त्या चमका मोजूनच घर ओळखतो. फोटोखाली दोन आकडे लिहिले की मांजरीत बसून तो फोटो पाहणाऱ्यालाही ती ओळख कळते.